नऊशे चाळिसावं पाऊल

मुंबईत पाहण्यासारखी ठिकाणं सात. सहा नाहीत, आठ नाहीत. हे मला कुणा मुंबईकरानं सांगितलेलं नाही. पिंगळी स्टेशनाजवळ कापडाचं दुकान असलेल्या एका माणसानं सांगितलं, आणि त्यानं तोवर मनमाडच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं. मनमाड तरी पाहिलं होतं की नाही, देव जाणे. पण आज इतक्या वर्षांनीही कुणी मुंबईला निघालं की माझ्या तोंडून तीच यादी त्याच क्रमानं बाहेर पडते. बोरीबंदर, कारंजं, अजबखाना, पालवा बंदर, घारापुरी, वाळकेश्वर, राणीची बाग. घरातली पोरं हसतात, म्युझियमला अजबखाना म्हणतं का कुणी आता, म्हणून. हसू द्या.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. मी त्यांचा भाडेकरू. निजामी अमदानीतली गोष्ट आहे. पिंगळीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि दुकानामागची खोली मागायला गेलो. जात, गाव, पगार काही न विचारता त्यांनी एकच गोष्ट विचारली, "मास्तर, सुट्टीत मुंबईकडं जानं होतं का?"

"मावशी असते तिकडं. जातो कधीमधी."

"मंग खोली तुमचीच."

बारीक अंगाचा माणूस. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, हातात कापड मोजायचा लोखंडी गज. गज गिऱ्हाईक नसतानाही हातातच. बोलताना तो हवेत असा फिरवायचे की समोरचा आपोआप दोन पावलं मागं सरकायचा. तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय पाणी घ्यायचे नाहीत, आणि पाणी पोटात गेलं की मुंबईशिवाय बोलायचे नाहीत.

यादीत आठवं नाव घालायला त्यांनी कुणाला कधी परवानगी दिली नाही. एका अडत्यानं तिथल्या बाजारांचं फार कौतुक केलं. आप्पा म्हणाले, "बाजार सोनपेठलाबी भरतो. त्याच्यासाठी रेल्वेत कशाला बसायचं?" कुणी चौपाटीचं नाव काढलं, तर "रेतीला आपल्या गोदावरीत काय तोटा पडलाय?" राणीच्या बागेवरही त्यांचा राग होता. पिंजऱ्यातला वाघ पाहणं म्हणजे पाहणं नव्हे, असं म्हणायचे. हत्तीपायी तिला सातवी जागा मिळाली होती. घारापुरीवर मात्र सगळा जीव. साक्षात महादेव, तो बी तीन तोंडांचा, आणि चहूबाजूंनी समुद्र!

आमच्या शाळेत भिंतीवर एकच नकाशा होता, निजामाच्या मुलखाचा. हद्द संपली की पुढं कोरी भिंत. आप्पा एकदा शाळेत आले, नकाशापुढं बराच वेळ उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी गेरूची वाटी घेऊन आले. नकाशाच्या डाव्या बाजूला, चौकटीपासून दीड वीत सोडून, भिंतीवर त्यांनी एक लाल ठिपका काढला. मी नको नको म्हणत राहिलो. नेमके त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले.

"मास्टर, ये लाल क्या है?"

आप्पा दारातच उभे होते, साहेब बघायला आलेले. म्हणाले, "मुंबई हाय, साहेब."

"मगर वो तो अपने मुल्क में नहीं है!"

"न्हाई ना. म्हनून तर नकाशाच्या भाईर काढली."

साहेब हसले म्हणून माझी नोकरी वाचली. ठिपका तसाच राहिला.

दुसरी गोष्ट बाटलीची. एका जिनिंगवाल्याला त्यांनी गळ घालून समुद्राच्या पाण्याची बाटली आणायला लावली. हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायाला वाटलं, दारू असणार. त्यानं बूच काढून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करत बाटली परत केली. "लेजाव, लेजाव!" बाटली पिंगळीला पोचली तेव्हा आप्पांनी ओट्यावर बसून जो येईल त्याच्या हातावर तीर्थासारखा एकेक थेंब दिला. त्यांच्या बायकोला, मी त्यांना काकू म्हणे, सगळ्यात आधी. काकूंनी थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "एवढं मीठ कोन टाकत असंल हो?" उरलेली बाटली त्यांनी देवळीत ठेवली.

पण आप्पांचं खरं वेड पुढंच होतं. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला ते एक काम द्यायचे. आधी दुकानापुढच्या रस्त्यावर त्याला चालायला लावायचे आणि त्याचं पाऊल गजानं मोजायचे. मग मूठभर चिंचोके द्यायचे. बोरीबंदराच्या दारापासून कारंज्यापर्यंत पावलं मोजायची, दर शंभराला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा. कारंजं ते अजबखाना दुसऱ्या माणसाकडं, अजबखाना ते पालवा बंदर तिसऱ्याकडं. माणूस परत आला की गुणाकार-भागाकार करून ते त्या पावलांची काकूंची पावलं करायचे. काकूंचं पाऊल म्हणजे अख्ख्या मुंबईचं माप! आणि आलेल्या आकड्यानं त्यांनी पिंगळीत ती मुंबई मांडली होती, खऱ्या लांबीची. स्टेशनाचं फाटक म्हणजे बोरीबंदर. तिथून गाडीवाटेनं चौदाशे पावलांवर चुना लावलेला दगड, ते कारंजं. पुढं अजबखाना आणि बंदर, आकडे येतील तसे.

हळूहळू गावानंही ती नावं उचलली. "बैल अजबखान्यापाशी बांधलेत," असं कुणी सहज बोलून जायचा. एकदा एक बाई ओरडत आली, "आरं धावा रे, माजी म्हैस बंदरात रुतायलीय!"

मला आधी ही सगळी रिकामी हौस वाटली. एकदा चिडून विचारलं, "आप्पा, तिथं गाड्या आहेत, ट्राम आहे, रस्ता विचारायला माणसं आहेत. पावलं कशाला मोजायची?"

आप्पांनी गज खाली ठेवला. तो त्यांनी खाली ठेवलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"मास्तर, लग्नाच्या वर्षी परळीच्या जत्रेत हिचा हात सुटला माझ्या हातातून. सकाळी सुटला, दिवस कलला तवा सापडली. नदीच्या कडेला बसली होती, रडून रडून आवाज गेला होता. त्या दिवशी बोललो तिला, घारापुरीचा महादेव दावीन, पन तुला वाट ठाऊक झाल्याबिगर गर्दीत नेनार न्हाई. हात सुटलाच तर तिला एकटीला, होडी सुटती त्या बंदरापोतर जाता आलं पायजे." मग हळू आवाजात म्हणाले, "आन् आता तर डोळेबी जायलेत तिचे."

काचबिंदू होता. परभणीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वर्ष, फार तर दीड वर्ष. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं, समोरचं तेवढं उरलं होतं. त्याच्या आत समुद्र दाखवायचा, असं आप्पांनी ठरवलेलं. येती दिवाळी पक्की. तोवर रोज पहाटे नवराबायको फाटकापासून ओढ्याच्या दिशेनं चालायचे. आप्पा बोलायचे, काकू मोजायच्या. मोजणं कधी चुकायचं नाही त्यांचं.

आता माझं सांगतो. लपवून काय करू?

त्या उन्हाळ्यात मी मावशीकडं गेलो. माझ्याकडं कारंजं ते अजबखाना हा टप्पा होता. खिशात चिंचोके घेऊन निघालो, चारशेपर्यंत नीट मोजलं. तेवढ्यात पुढं ट्राम रुळावरून घसरली, माणसं जमली, मीही घुसलो बघायला. बाहेर आलो तेव्हा आकडा डोक्यातून गेलेला, आणि चिंचोके कोणत्या खिशात किती तेही कळेना. ऊन मी म्हणत होतं. परत कारंज्यापाशी जाऊन पहिल्यापासून मोजायचा मला कंटाळा आला. कोण जाऊन बघणार आहे, म्हटलं, आणि पिंगळीला येऊन मनाचा आकडा ठोकून दिला. त्याची काकूंची पावलं झाली नऊशे चाळीस.

आप्पांनी आकडा जमिनीवर मांडला आणि पळत शाळेत आले. "मास्तर! तुमच्या आकड्यानं बंदर कुटं आलं ठाऊक हाय का? बरूबर वढ्यावर! पान्यावर! देवाचीच विच्छा म्हनायची!" वर्गातल्या पोरांसमोर मला नमस्कार केला त्या माणसानं. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

दिवाळीला आठ दिवस होते. दुकानाच्या ओट्यावर शिवणयंत्र घेऊन बसणारा शिंपी बहिणीकडं मुंबईला जाऊन आला. आप्पांनी माझा टप्पा पुन्हा त्याला दिला होता, खात्रीसाठी. शिंप्याचा आकडा काकूंच्या पावलांत निघाला बाराशे वीस.

"दोनशे ऐंशीचा फरक?" आप्पा ओरडले. "आरं, चहाला थांबला असशील कुटंतरी, गिनती इसरला असशील!"

"न्हाई आप्पा, लेकराची शपथ. दोनदा मोजलं, जाताना बी आन् येताना बी."

"तुज्या आकड्यानं बंदर वढ्याच्या पल्याड जायलंय, पाटलाच्या ज्वारीत! ज्वारीत कुटं बंदर असतंय का?"

मी तिथंच बसलो होतो, वह्या तपासत. आप्पा माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमचं काय म्हननं?"

मी वहीतून मान वर न काढता म्हणालो, "मी मोजलं ते सांगितलं."

बस्स, एवढंच बोललो. आप्पांनी एकदा शिंप्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर खोटं कशाला बोलतील? पन दोन आकडे घेऊन मी हिला न्यायचो न्हाई. तिसरा मानूस जाऊन येऊ द्या." आत काकूंनी गाठोडं बांधून ठेवलं होतं, वाटेसाठी धपाट्यांचं पीठसुद्धा दळून झालं होतं. त्यांनी गाठोडं सोडलं. मला खोलीतून दिसत होतं. आज सांगेन, उद्या सांगेन, असं मनाशी घोकत राहिलो आणि दिवाळी होऊन गेली.

तिसरा म्हणून ठरवलेला अडत्या तापानं पडला. उन्हाळा आला, आणि त्यानंतर मुलखात गडबड सुरू झाली. गाडी सुटेल की नाही, हद्दीपलीकडं जाईल की नाही, काही नेम राहिला नाही. लोक घराबाहेर पडायला भ्यायचे. आप्पा तरी रोज स्टेशनावर जाऊन विचारायचे आणि रोज परत यायचे. पुढच्या दिवाळीला काकूंनी पणती लावली आणि विचारलं, "लागली का हो?"

आप्पा दोन दिवस दुकानात आले नाहीत. गाव म्हणायला लागलं, सुटला बिचारा, आता कुठली मुंबई. आंधळीला दावायचं तरी काय? हे काकूंच्या कानावर गेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे माझ्या खोलीवर काठीची टकटक झाली. दारात काकू.

"मास्तर, त्यांचं अंग गळालंय. तुमी तरी चला माझ्यासंगं फाटकापोतर. मला पावलं मोजायचीत."

"काकू, आता कशाला..."

"कशाला म्हंजे? डोळे गेले, पाय हायत की! मला घारापुरीला जायचंय. बोललेत ते. म्या जानार."

वर्षभर ती बाई रोज चालली. गडबडीच्या दिवसांत, दारं बंद करून लोक बसलेले असताना, काठी टेकत चौदाशे, नऊशे चाळीस, हजार. पहिल्या आठवड्यातच आप्पाही सोबत यायला लागले. मी त्यांच्यामागून चालायचो, आणि नऊशे चाळिसावर त्या थांबल्या की मी मान दुसरीकडं वळवायचो. "आला अजबखाना," म्हणायच्या, दगडाला हात लावायच्या.

मग निजामी गेली, गाड्या सुरळीत झाल्या. त्याच थंडीत आम्ही तिघं निघालो. मी आपण होऊन गेलो. वाटेत मनमाडला गाडी बदलताना सांगू, बोरीबंदरला उतरल्यावर सांगू, असं करत करत बोरीबंदरच्या दारात आलो. काकूंनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, आप्पांचा हात धरला आणि पहिलं पाऊल टाकलं. एक.

चौदाशेला खरंच कारंजं आलं. बाईच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! आप्पांनी मान वर केली आणि त्यांचं भान हरपलं. इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं ते दगडी कारंजं आता डोळ्यांपुढं. "मास्तर, बघा बघा, शिंपी म्हनला तस्संच!" असं म्हणत बोट दाखवायला त्यांनी हात वर केला. तोच हात काकूंच्या हातात होता. आम्ही खाली पाहिलं तर काकू नव्हत्या.

माणसांचा लोंढा, ट्रामची घंटा, मोटारी. आप्पा डगमगले नाहीत. "ती थांबायची न्हाई. मोजत पुढं गेली असंल. अजबखान्यापाशी सापडती, चला!" ट्राम आडवी आली म्हणून पलीकडच्या बाजूनं आम्ही धावत सुटलो. अजबखान्याच्या फाटकाशी पोचलो. काकू नाहीत. आप्पांनी पहारेकऱ्याला विचारलं, फळवाल्याला विचारलं, फाटकाच्या आतबाहेर दोनदा धावले. मग फाटकाच्या गजांना धरून उभे राहिले.

"परळीला झालं तेच झालं, मास्तर. आन् आता तर तिला दिसतबी न्हाई."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. "आप्पा, त्या इथं यायच्याच नाहीत. अलीकडं थांबल्या असतील, नऊशे चाळिसावर. तो आकडा खोटा आहे. मी मोजलंच नव्हतं. शिंप्याचं खरं होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही. तोंडानं मात्र एवढंच म्हणाले, "दोनशे ऐंशी मागं. मोजा."

मी मोजत मागं निघालो, मोठ्यानं, लोक बघत होते तरी. माझी पावलं काकूंपेक्षा लांब, दोनशेच्या आसपास गेलो आणि काकू दिसल्या. रस्त्याच्या कडेला दिव्याच्या खांबाला एक हात धरून ताठ उभ्या होत्या. बाजूनं माणसं धक्के देत चालली होती. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. दुसरा हात पुढं करून दगड चाचपत होत्या.

आप्पांनी जाऊन तो हात धरला. काकूंनी आधी त्यांच्या हाताची ओळख पटवली, मग मान वर करून विचारलं, "आवो, नऊशे चाळीस झाले. अजबखाना कुटाय?"

मीच सांगितलं, सगळं. ट्राम, चिंचोके, कंटाळा, सगळं. काकू ऐकत होत्या.

"म्हंजे शिंप्याचं खरं होतं," त्या म्हणाल्या.

आप्पा म्हणाले, "एक दिवाळी गेली, मास्तर." आवाज चढलेला नव्हता. "त्या दिवाळीला तिला दिसत होतं."

मी रस्त्यातच त्यांचे पाय धरले. आप्पांनी ना पाय मागं घेतले, ना मला उठवलं. काकूंनीच काठी आपटली. "उठा मास्तर. गेली ती गेली. आजूक बंदर ऱ्हायलंय, घारापुरी ऱ्हायलीय. इथं उभं ऱ्हाऊन रडायला का मी एवढी चालले? मोजा म्होरं."

पालव्याच्या पायऱ्यांवर आप्पांची बोलतीच बंद झाली. बारा वर्षं ज्याचं वर्णन ऐकवून त्यांनी गावाला जेरीस आणलं होतं, तो समुद्र समोर होता आणि त्यांना एक शब्द सुचेना. काकू वाट पाहून कंटाळल्या. "सांगा की, कसा हाय?"

"लय... लय मोठा हाय गं," एवढं बोलून आप्पा रडायला लागले.

काकू काठीनं चाचपत खालच्या पायरीवर गेल्या, वाकून ओंजळ भरली, जिभेला लावली. "बाटलीतलाच हाय," म्हणाल्या, आणि हसल्या. दुसऱ्या दिवशी पडावातून घारापुरीला गेलो. त्या तिन्ही तोंडांसमोर काकूंनी तळहातावर लिंग घेतलं आणि पूजा केली, रोज घरी करायच्या तशीच, घाई न करता. आप्पा कानाशी लागून सांगत होते, डावीकडचं तोंड कसं, मधलं कसं. मी लांब उभा होतो. जवळ जायचा मला हक्क नव्हता.

पिंगळीला परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी आप्पा खोलीवर आले. गज नव्हता हातात. "चला," म्हणाले. अजबखान्याचा दगड दाखवला. "उचला." मी उचलला. काकूंची दोनशे ऐंशी पावलं पुढं नेऊन ठेवला. वाटलं, सुटलो. "आता बंदर," आप्पा म्हणाले.

बंदराचा दगड ओढ्याच्या काठावर होता, दोन्ही हातांत मावणार नाही असा. तो छातीशी धरून मी पाण्यात उतरलो. मागून काकू उतरल्या, लुगडं खोचून, एक हात आप्पांच्या खांद्यावर. पाणी गुडघ्याला लागलं, माझे हात भरून आले. मी जरा थांबलो की मागून आवाज यायचा, "थांबू नका मास्तर. एकशे दहा. एकशे अकरा." काठावर सगळं गाव उभं होतं, शिंपी पुढंच. कुणी हसलं नाही. ओढा ओलांडून आम्ही पाटलाच्या रानात शिरलो. ज्वारी डोक्याएवढी झाली होती, पानं तोंडाला घासत होती.

"दोनशे ऐंशी," काकू म्हणाल्या. "ठेवा. आलं बंदर."

मी दगड ठेवला. काकू त्याच्यावर बसल्या, तोंड वाऱ्याकडं करून. आप्पा आणि मी बाजूला उभे होतो. डोळे असलेल्या आम्हा दोघांना तिथं नुसती ज्वारीच दिसत होती.